कारंज्याआधी माळी ठरवा

दहा गुंठ्यांवर लॉन लावलं तर उन्हाळ्यात त्याला रोज किती पाणी लागेल? चौरस मीटरला पाच लिटर धरा. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. झाले पाच हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दिवसाआड. नेवासा तालुक्यातल्या सोनईच्या माणसाला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार आणि किती दिवस चालणार, यावरच इथल्या उसाचं गणित बसतं. पण हाच शेतकरी गावच्या बागेचं अंदाजपत्रक वाचताना पाण्याचं विचारत नाही, कारण ते अंदाजपत्रक त्याच्या हाती येतच नाही.

त्या कागदात बहुतेक गावांत काय असतं? लॉन, कारंजं, कंपाउंडची जाळी, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि अलीकडे गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट. माळी नसतो. हा कुणाचा विसरभोळेपणा नव्हे. योजनांचा पैसा बांधकामाला मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. माळ्याचा पगार आणि मोटारीचं वीजबिल पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीतून भागवावं लागतं. म्हणून बाग थाटात उभी राहते आणि दोन उन्हाळ्यांत वाळते. मग फाटकाला कुलूप लागतं.

लोकसहभाग म्हणजे उद्घाटनाला खुर्च्या भरणं असा आपला समज झाला आहे. खरं तर त्याची वेळ इस्टिमेट होण्याआधीची असते. ती गेली की गावाच्या हाती तक्रार तेवढी उरते.

वेळ गेल्यावर किती झगडावं लागतं ते मुंबईच्या राणीच्या बागेत दिसलं. भायखळ्याची ही बाग 1862 साली खुली झाली, 1873 मध्ये महापालिकेकडे आली. आजचं तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोकांच्या लेखी ते प्राणिसंग्रहालय, पण मुळात ती वनस्पतींची बाग आहे: 286 जातींची तीन हजारांवर झाडं. 2007 च्या सुमारास परदेशी सल्लागार नेमून चारशे कोटींच्या वरचा नूतनीकरणाचा आराखडा आला. जुन्या झाडांचं काय होणार, या चिंतेनं काही नागरिक उभे राहिले, त्यांत बायका पुढे होत्या. त्यांनी झाडं ओळखली, नोंदवली, लोकांना बागेत फिरवून दाखवली. मूळ आराखडा वारसा समितीपुढे अडला आणि पुढे बदलूनच आला. जे लोक बागेत रोज येत होते, त्यांना आधीच विचारलं असतं तर या झगड्यात गेलेली वर्षं वाचली असती. मुंबईत वारसा समिती तरी होती. गावात ती नसते.

गावात ग्रामसभा असते. तिच्याबद्दल आपण कुत्सितपणे बोलतो, पण कायद्यानं दिलेलं एवढं मोठं हत्यार शहरातल्या माणसाकडे नाही. ग्रामपंचायत विकास आराखडा 2 ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मोहिमेत तयार होतो, आणि बाग त्यात यायची असेल तर तिथंच यावी लागते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदावर उरकली नाही, तर बागेचा नकाशा बदलतो. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात 1996-97 मध्ये उद्यानांत कोण येतं ते तपासलं, तेव्हा नऊ वर्षांनंतरच्या मुली तिथून दिसेनाशा होतात असं आढळलं. एकच मोठं मोकळं मैदान मोठी मुलं व्यापून टाकत. मग दोन उद्यानांत मैदानाचे छोटे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, वाटा नीट केल्या. मुली परत आल्या. आपल्याकडे दहावीची मुलगी संध्याकाळी बागेत बसलेली शेवटची कधी पाहिली, आठवून बघा.

सोनईत आणखी एक गुंता आहे. इथं मुळा साखर कारखाना आहे, शाळा-महाविद्यालयं आहेत, राहुरीहून शनिशिंगणापूरला जाणारी वाट गावातून जाते. म्हणजे बाग वापरणारे सगळे मतदारयादीत नसतात. वसतिगृहातला विद्यार्थी नाही, सावलीत डबा सोडणारा भाविक नाही. हंगामात येणारी ऊसतोड कुटुंबं तर नाहीतच, आणि झोक्याची सगळ्यात जास्त गरज त्यांच्या पोरांना असते. ग्रामसभा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यापर्यंत कुणीतरी चालत जायला हवं. शाळेतली मुलं हे काम चांगलं करतील: आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या जागेवर उभं राहून कोण येतं, कुठं बसतं, किती वेळ थांबतं, एवढंच लिहायचं. सल्लागाराची फी वाचते.

नकाशाही कागदावर दाखवू नये. घराचा पाया आखतो तसा जागेवरच चुन्यानं आखावा. इथं ओटा, इथं झोके, इथं पायवाट. आजीबाई चालून बघतील आणि सांगतील, संडास फार लांब केलात. हे वाक्य निविदेआधी ऐकू आलं तर फुकटात दुरुस्त होतं. झाडांचंही तेच. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ ही आपल्या काळ्या जमिनीत पहिली दोन-तीन वर्षं सांभाळली की पुढं फार मागत नाहीत. झाडांबद्दल विचारायला राहुरीचं कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे. लॉन हवंच असेल तर एखाद्या गुंठ्याचं असू द्या, पण त्याचं पाणी कोण देणार ते ठरावात लिहा.

लोकांना सांभाळता येत नाही, हा आक्षेप निदान नेवासा तालुक्यात तरी कुणी घेऊ नये. सोनईशेजारच्या चांद्यात मुळा कालव्याच्या सात नंबरच्या मायनरवर, म्हणजे छोट्या फाट्यावर, शेतकऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस श्री दत्त पाणी वापर संस्था उभी केली. मोजून पाणी घ्यायचं आणि आपसांत वाटायचं, असा राज्यातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा राज्यात त्यानंतर, 2005 साली आला. पाण्यावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघतात, तिथं हे जमलं. बागेची रोज दोन तास राखण करणं त्यापुढे काहीच नाही, फक्त कुणी राखायचं आणि त्याला काय द्यायचं ते ठरलं पाहिजे.

येत्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि ‘बागेचा आराखडा व देखभाल’ हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. आणि जाताना शेजाऱ्याला बरोबर न्या. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथं बसलेली वीस माणसं तुमची बाग ठरवतात.