ग्रामसभेने जैवविविधतेचा मसुदा कसा तपासावा

शेताच्या बांधावरील बोर-बाभूळ, गायरानातील गवत, ओढ्यातील मासे, पिकांवरील किडी टिपणारे पक्षी आणि कणगीत राखलेले गावरान बियाणे या सर्वांस मिळून जैवविविधता असे म्हणतात. शब्द नवा वाटला तरी वस्तू शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहे. या संपत्तीचे रक्षण व वापर यांविषयीची धोरणे मात्र बहुधा गावाबाहेर तयार होतात आणि संमतीसाठी किंवा हरकतींसाठी ग्रामपंचायतीच्या दप्तरात येऊन पडतात. अशा कागदांची छाननी करण्याचा अधिकार गावास कायद्याने मिळालेला आहे. तो कसा वापरावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्याचा आधार

जैविक विविधता अधिनियम, २००२ याच्या कलम ४१ अन्वये ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे आवश्यक आहे. हा अधिनियम २०२३ साली दुरुस्त झाला व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तदनुसार समितीत किमान सात व जास्तीत जास्त अकरा सभासद असावयाचे आहेत. गावाच्या हद्दीतील जैविक साधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने व राज्य मंडळाने या समितीशी विचारविनिमय केला पाहिजे, असे हेच कलम सांगते. व्यापारासाठी वनस्पती किंवा अन्य साधने गोळा करणाऱ्यांकडून संकलन शुल्क आकारण्याची मुभाही समितीस आहे.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. वरील अधिकार सल्ला देण्याचा आहे. वनहक्क कायदा, २००६ याने ग्रामसभेस याहून अधिक बळ दिले आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे वन्यजीव, वन व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार वनहक्कधारकांस व ग्रामसभेस आहे. तसेच राष्ट्रीय उद्यान अथवा अभयारण्य यांतील क्षेत्र ‘संकटग्रस्त वन्यजीव अधिवास’ म्हणून राखून तेथील वनहक्कधारकांचे पुनर्वसन करावयाचे झाल्यास, संबंधित ग्रामसभांची स्वेच्छेची, पूर्ण माहितीवर आधारलेली लेखी संमती लागते. हाती आलेला कागद कोणत्या कायद्याखालील आहे, हे म्हणूनच सर्वप्रथम पाहावे.

नोंदवही हे गावाचे माप

मसुदा ताडून पाहण्यास गावाजवळ स्वतःचे माप पाहिजे. ते माप म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही होय. २००४ च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून ही नोंदवही तयार करणे, हेच समितीचे मुख्य कार्य ठरविले होते. तथापि हे काम देशभर दीर्घकाळ रेंगाळले. अखेरीस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली व त्यानंतर कसूर करणाऱ्या राज्यांवर दरमहा १० लाख रुपयांचा बोजा ठेवला. मुदतीच्या या रेट्यात पुष्कळ ठिकाणी घाई झाली.

त्या घाईचे फळ प्रस्तुत लेखकाने कोरडवाहू भागातील एका गावात पाहिले. नोंदवही बाहेरच्या मंडळींकडून तयार होऊन आली, ग्रामसभेत तिचे नाव वाचले गेले आणि सह्या झाल्या. लेखक त्या सभेस हजर होता. त्यानेही पाने उलटली नाहीत. पुढे गावाच्या माळावर वृक्षलागवडीसाठी खड्डे पडू लागले, तेव्हा मेंढपाळांनी हरकत घेतली. नोंदवही उघडली असता तो माळ ‘पडीक’ म्हणून नोंदलेला आढळला, आणि वृक्षांच्या यादीत समुद्रकाठच्या खारफुटीची नावे होती! ज्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चरली, जेथे लांडगा व चिंकारा यांचा वावर आहे, त्याचा गवताळ माळ म्हणून एका ओळीनेही उल्लेख नव्हता. झाडे लावणे हे चांगले काम आहे. पण जातिवंत गवताच्या माळावर ती लावल्यास गवत जाते, चारा जातो व त्यावर जगणारे प्राणीही जातात. खड्डे पडलेल्या भागातील गवत परत आले नाही. उरलेल्या माळाची नोंद मात्र गावाने नव्याने केली. मेंढपाळांनी मारवेल, पवन्या व कुसळी दाखविली. स्त्रियांनी घोळ, पाथरी व तांदुळजा या रानभाज्यांच्या जागा सांगितल्या. वृद्धांनी गावरान ज्वारीचे वाण नावानिशी नोंदविले.

दुरुस्त कायद्यामुळे अशा नोंदीस आणखी एक महत्त्व आले आहे. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना कायद्यात जी सूट आहे, तिच्यासाठी समितीकडील नोंद व उगमाचा दाखला यांची तरतूद केलेली आहे. वनौषधींची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनी हे विसरू नये.

मसुदा हाती आल्यावर

कोणताही मसुदा आल्यास पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

(१) संपूर्ण मजकूर मराठीत आहे काय? केवळ सारांशावर ठराव करू नये. पूर्ण प्रत मागून घ्यावी व सभेत मोठ्याने वाचावी.

(२) जमीन नेमकी कोणती? गट क्रमांक व नकाशा मागावा. तो सात-बाराशी व गायरानाच्या नोंदीशी ताडून पाहावा आणि शिवारफेरी काढून प्रत्यक्ष खात्री करावी.

(३) काय बंद होणार व काय चालू राहणार? पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्र शासनाने ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केला. त्यात सहा राज्यांतील ५६,८०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश होता व त्यांपैकी सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातील होता. हरकतींसाठी ६० दिवसांची मुदत होती. बंदीच्या यादीत खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवीन औष्णिक वीजकेंद्रे, ‘लाल’ वर्गातील उद्योग व मोठी बांधकामे यांचा समावेश होता. पीक काढणे त्या यादीत नव्हते. हे न वाचता शेती बंद होईल या भीतीने केलेला विरोधाचा ठराव जितका पोकळ, तितकाच न वाचता केलेला पाठिंब्याचा ठरावही पोकळ समजावा.

(४) नुकसान कोणी सोसावयाचे? वन्यप्राणी राखल्याचा लाभ सर्वांना होतो. रानडुकरांनी व रोह्यांनी केलेली पिकांची नासाडी मात्र कडेच्या शेतकऱ्याच्या पदरी पडते. पंचनामा कोण करणार, भरपाई किती दिवसांत मिळणार, कुंपणाची सोय काय, याची उत्तरे लेखी मागावीत.

(५) पुढे बदल करता येईल काय? उदाहरणार्थ, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ३६-क अन्वये गावास स्वेच्छेने आपली जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून देता येते. परंतु एकदा ते घोषित झाले म्हणजे व्यवस्थापन समितीचा ठराव व राज्य शासनाची मान्यता यांवाचून तेथील जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे समजून संमती दिल्यास पुढे पश्चात्तापाचे कारण उरत नाही.

मेंढा (लेखा) येथील रीत

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यास सामूहिक हक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. या गावाची अनुकरणीय गोष्ट अशी की, तेथे अभ्यासगट आहेत. विषय प्रथम अभ्यासगटात चर्चिला जातो, जाणकारांस प्रश्न विचारले जातात आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. मोठे जंगल नसलेल्या गावासही ही रीत उचलता येईल.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

मसुदा आल्याच्या दिवशीच मुदतीची अखेरची तारीख फलकावर लिहावी. पाच-सात जणांचा अभ्यासगट नेमावा. त्यात मेंढपाळ, मच्छीमार, भूमिहीन व स्त्रिया अवश्य असाव्यात, कारण गायरान व ओढा यांवर त्यांचेच पोट अधिक अवलंबून असते. ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत हा विषय आधी मांडावा. गणपूर्तीस एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. पण अशा विषयासाठी तेवढ्यावर समाधान मानू नये. ठरावात नुसते ‘मंजूर’ वा ‘नामंजूर’ न लिहिता कारणे, गट क्रमांक व नोंदवहीतील पृष्ठ यांचा उल्लेख करावा आणि पाठविलेल्या प्रतीची पोच दप्तरी ठेवावी.

कारणे दिलेला ठराव सहजासहजी बाजूस सारता येत नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेपूर्वी आपल्या गावाची नोंदवही कपाटातून बाहेर काढावी, ती जाणत्या मंडळींसमोर पानोपान वाचावी आणि जेथे चूक किंवा उणीव दिसेल तेथे ती दुरुस्त करून घ्यावी. छाननीचा आरंभ येथूनच होतो.