खेड्यांतील बँक आणि आजीचा अंगठा

गेल्या वर्षीं हजेरीपत्रक तपासतांना एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. नववींतील एक हुशार मुलगा दर महिन्यास एक दिवस, कधीं दोन दिवस, गैरहजर असे. विचारल्यावर तो संकोचून म्हणाला, “सर, आजीला घेऊन बँकेंत जावें लागतें.” आजीला सरकारचें निराधार अनुदान मिळे, तें हातीं पडावें म्हणून नातवाची शाळा बुडे. ही अडचण एकाच घराची नाहीं. तिचीं कारणें व उपाय विद्यार्थ्यांस व पालकांस समजावेत, म्हणून हे चार शब्द.

एके दिवशीं मी त्यांच्यासोबत गेलों. सकाळच्या एस. टी. नें तालुक्याचें गांव गांठलें. दुपारपर्यंत रांगेंत उभे राहिल्यावर उत्तर मिळालें, “लिंक नाहीं.” मग गांवीं परतून बँक मित्राकडे गेलों. यंत्रानें आजीचा अंगठा दोनदां नाकारला. तिसऱ्या वेळीं एक हजार रुपये वजा झाल्याचा संदेश नातवाच्या फोनवर आला. परंतु यंत्रावर ‘व्यवहार अयशस्वी’ असें उमटलें, आणि आजीचे हात रिकामेच राहिले. “माझे पैसे गेले कोठें रे बाळा?” या तिच्या प्रश्नाला मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं.

बँक खेड्यांत आली तीच मुळीं उशिरानें. सावकारीला गांजून पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं १८७५ सालीं कर्जरोखे जाळले. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत असें दिसलें कीं, शेतकऱ्यांच्या कर्जापैकीं सुमारें ७० टक्के सावकारांकडून येई. सहकारी संस्थांचा वांटा सुमारें ३ टक्के होता आणि व्यापारी बँकांचा १ टक्काहि नव्हता. १९६९ सालीं चौदा बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, तेव्हां देशांतील सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखांपैकीं दोन हजारहि खेड्यांत नव्हत्या. पुढें १९७५ पासून प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, २००६ सालीं बँकांना गांवोगांव प्रतिनिधि नेमण्याची मुभा मिळाली, आणि २०१४ च्या जनधन योजनेनें घरोघरीं खातें उघडलें गेलें. खातें दारीं आलें. पैसा मात्र अद्यापि वाटेंत अडखळतो.

तो कां अडखळतो? बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवला कीं त्याचा ठसा आधारच्या नोंदींशीं ताडून पाहिला जातो. तो जुळला म्हणजे आपल्या बँकेस विचारणा होते, आणि तिचा होकार त्याच वाटेनें परत येतो. ही एक सांखळी आहे. मोबाइलचें जाळें क्षीण झालें कीं कोठली तरी कडी निसटते. कधीं रक्कम वजा झाल्यावर निसटते, म्हणून पैसे हरवल्यासारखे वाटतात. अंगठ्याचें कारण निराळें. जन्मभर खुरपें व विळा चालवून, भांडीं घासून बोटांवरील रेषा झिजतात. ज्या हातांनीं अधिक कष्ट केले, त्यांनाच यंत्र ओळखत नाहीं, हा मोठाच दैवदुर्विलास होय!

परंतु निराश होण्याचें कारण नाहीं. २०१९ सालीं रिझर्व्ह बँकेनें नियम केला आहे कीं, आधारच्या व्यवहारांत किंवा ए. टी. एम. वर खात्यांतून रक्कम वजा होऊन रोकड मिळाली नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत ती परत जमा झाली पाहिजे. त्यापुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावयाची. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागतां येते.

आणखी कांहीं गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. अंगठा देण्यापूर्वीं यंत्रावरील रक्कम घरांतील शिकलेल्या मुलानें वाचावी, आणि प्रत्येक वेळीं पावती मागून घ्यावी. व्यवहार फसला तर पुन्हां अंगठा देण्याआधीं शिल्लक पाहावी. ठसा वारंवार जुळत नसेल तर आधार केंद्रांत तो नव्यानें नोंदवावा. दोन वर्षें खात्यावर स्वतः कांहींच व्यवहार न केल्यास खातें निष्क्रिय होतें. म्हणून अधूनमधून थोडी रक्कम भरावी किंवा काढावी. ओळखीचे कागद मागितले तर ते शाखेंत किंवा बँक मित्राकडेच द्यावेत. फोनवर येणारा सांकेतिक अंक कोणासहि सांगूं नये.

त्या मुलानें दुसऱ्याच दिवशीं तारीख, वेळ व रक्कम नमूद करून सुवाच्य अक्षरांत तक्रारअर्ज लिहिला, आणि त्याची पोंच घेतली. आठवड्याच्या आंत हजार रुपये खात्यांत परत आले. आजीनें आधार केंद्रांत ठसे नव्यानें दिले. आतां तिचें काम बहुधा गांवांतच होतें, आणि नातवाच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण क्वचितच पडते.

विद्यार्थीमित्रांनो, अर्जलेखन हें केवळ परीक्षेच्या गुणांसाठीं नाहीं. तुमच्या घरीं किंवा शेजारीं अशी एखादी आजी असेल. तिच्या झिजलेल्या अंगठ्याला तुमच्या लेखणीची जोड द्या. शिक्षणाचें चीज तें हेंच.