मज्जातंतूचे गणित

रोवणीच्या दिवसांत फुलचूरच्या एखाद्या बांधीत उतरलेल्या माणसाच्या पायाला काटा टोचला, तर 'काटा टोचला' हे शब्द ओठांवर येण्यापूर्वीच पाय वर उचलला जातो. पायाकडून वर्दी गेली, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडून हुकूम आला, आणि तो पाळलाही गेला. ही वर्दी मज्जातंतू नेतात, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण ते ती नेतात कशी? या प्रश्नाचा उलगडा 1952 साली झाला, आणि त्यात शेवटची साक्ष दिली ती गणिताने. ते गणित काय आहे, आणि आपल्या घरांतील एका दुखण्याशी त्याचा काय संबंध पोचतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रारंभ तारायंत्रापासून करू. 1870 साली मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान समुद्राच्या तळाशी तार टाकली गेली. अशा लांब तारेत संदेश मंद आणि पुसट का होतो, याचे समीकरण विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनी 1855 साली मांडले होते. त्यात गळतीचा हिशेब मिळवला की तेच समीकरण मज्जातंतूस लागू पडते. कारण मज्जातंतू ही एक ओली तारच आहे. आत खारट द्रव, बाहेर खारट द्रव आणि मध्ये एक अतिशय पातळ पापुद्रा. तलावातून निघालेल्या कच्च्या पाटाचे पाणी जसे वाटेत मुरते, तसा या तारेतील प्रवाह पापुद्र्यातून झिरपतो. हिशेब करून पाहिला, तर संदेश काही मिलिमीटरांतच विरून जावयास हवा. पायापासून कण्यापर्यंतचे अंतर तर सुमारे एक मीटर! मग वर्दी पोचते कशी?

याचे उत्तर ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी शोधले. प्रयोगासाठी त्यांनी घेतला तो माकूळ या सागरी जीवाचा मज्जातंतू. कोकणच्या बाजारात माकूळ पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा एक मज्जातंतू जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्याच्या आत विजेची बारीक तार सरकवता येते. त्यांना असे आढळले की, पापुद्र्यात विद्युद्दाबानुसार उघडझाप करणारी जणू दारे आहेत. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की सोडियमची दारे उघडतात आणि सोडियमचे विद्युतभारित कण आत घुसतात. त्यामुळे दाब आणखी वाढतो आणि आणखी दारे उघडतात. लागलीच ती दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते, आणि एखाद-दोन सहस्रांश सेकंदात सारे पूर्ववत होते.

वाळलेल्या गवताच्या रांगेची कल्पना करा. ठिणगी फारच क्षीण असेल तर गवत पेटत नाही. पण एकदा पेटले की आग शेवटच्या काडीपर्यंत तेवढ्याच जोमाने जाते. कारण प्रत्येक काडी स्वतःचे इंधन पुरवते. मज्जातंतूत संदेश असाच जागोजागी नव्याने पेटतो. फरक इतकाच की, येथले 'गवत' क्षणार्धात पुन्हा उगवते.

पण दृष्टान्त म्हणजे सिद्धता नव्हे. ही दारे खरोखर अशीच वागत असतील, तर केवळ त्यांच्या मोजमापांवरून संदेशाचा वेग काढता आला पाहिजे. हक्सलींनी हे काम 1951 साली अंगावर घेतले. केंब्रिजचा संगणक दुरुस्तीसाठी बंद होता. म्हणून त्यांनी हाताने दांडा फिरवावयाचे गणितयंत्र घेतले. आधी एक वेग गृहीत धरावयाचा आणि पायरीपायरीने विद्युद्दाब काढीत जावयाचे. वेगाचा अंदाज चुकला की आकडे भलतीकडे धावत सुटत. मग पुन्हा पहिल्यापासून आरंभ! असे सुमारे तीन आठवडे चालले. उत्तर आले सेकंदाला 18.8 मीटर. प्रत्यक्ष मज्जातंतूत मोजलेला वेग होता 21.2 मीटर. एवढा मेळ पाहून शंकेला फारशी जागा उरली नाही. 1963 साली या दोघांना जॉन एकल्स यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

एका तंतूचे हे झाले. मेंदूत तर अब्जावधी पेशी आहेत. वॉल्टर पिट्स हा विशीतला गणिती आणि वॉरन मॅकुलक हे मेंदूचे अभ्यासक यांनी 1943 सालीच दाखवले होते की, ठरावीक मर्यादेपलीकडे प्रेरणा मिळाली तरच 'होय' म्हणणाऱ्या साध्या पेशी जोडून तर्कशास्त्राची वाक्ये सोडवता येतात. आज पुण्याच्या 'आयसर' या संस्थेत सुहिता नाडकर्णी, कॉलिन्स असिसी यांच्यासारखे संशोधक पेशींमधील सांध्यांच्या आणि पेशीजालांच्या प्रतिकृती संगणकावर मांडीत आहेत.

आता त्या दुखण्याकडे वळू. मेंदूतील पुष्कळ पेशी वेळी-अवेळी एकदम, एकाच तालात पेटू लागल्या म्हणजे माणसाला झटका येतो. यालाच आपण मिरगी किंवा फेफरे म्हणतो. कोणी ती बाहेरची बाधा समजतो, कोणी कांदा नाही तर चप्पल हुंगवतो, आणि मुलीला मिरगी असली तर घरचे लोक ती लपवून ठेवतात. फेनिटॉइन हे औषध यावर 1938 पासून दिले जात आहे. ते काय करते? सोडियमची मिटलेली दारे लवकर पुन्हा उघडू देत नाही. हक्सलींनी ज्यांचा हिशेब मांडला, तीच ही दारे! ज्या दुखण्याचे दार असे समीकरणात सापडते, त्यात भुताखेताला जागा कोठली आणि लाज तरी कशाची?

म्हणून कोणाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा आणि तोंडात काहीही घालू नका. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर तडक रुग्णालयात न्या. औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज बंद करू नका. योग्य उपचार मिळाले, तर बहुसंख्य रोग्यांचे झटके थांबतात.