अतिमानवी स्लॅशर भयपट

अतिमानवी स्लॅशर भयपट हा भयपटाचा एक उपप्रकार आहे. स्लॅशरपटात एकच खुनी, बहुधा धारदार शस्त्राने, एकामागून एक बळी घेतो. त्या खुन्याला मंत्र, शाप किंवा मरणोत्तर अस्तित्व यांचे बळ मिळाले की हा उपप्रकार सिद्ध होतो. साध्या खुन्यापासून बंद दार, पोलीस किंवा बंदुकीची गोळी वाचवील, अशी आशा प्रेक्षकाला असते. येथे तीच काढून घेतली जाते. वेस क्रेव्हन यांच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटातील फ्रेडी क्रूगर बळींना स्वप्नात गाठतो. झोप कोणालाच कायमची टाळता येत नसल्याने तेथे पळून जाण्यास जागाच उरत नाही.

झपाटलेला

मराठीतील या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३). त्याच्या कथानकाचे ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाशी उघड साम्य आहे. तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) हा गुंड बाबा चमत्कार याच्याकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि पोलिसांच्या गोळीने मरताना आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला शब्दभ्रमाची हौस असलेल्या लक्ष्याच्या (लक्ष्मीकांत बेर्डे) हाती येतो.

चित्रपटाची गणना विनोदी चित्रपटांत होते. तरीही त्यातील भीती उसनी वाटत नाही. यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावामुळे बोलका बाहुला मराठी प्रेक्षकाला घरच्यासारखा झाला होता. तात्या विंचूचा बाहुलाही त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनीच घडवला. हसवणारी ओळखीची वस्तूच येथे जीव घेऊ लागते. शिवाय बाहुला लहान असल्याने त्याला लपायला पलंगाखालची जागाही पुरते.

याहून परिणामकारक आहे ते लक्ष्याचे एकटेपण. बाहुला जिवंत आहे हे त्याला कळते, पण त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. बाहुल्याने केलेल्या कृत्यांचा संशयही त्याच्यावरच येतो. प्रेक्षकाला सत्य ठाऊक असते, मात्र ते सांगण्याची सोय नसते. बाहुल्याला लक्ष्याचेच शरीर हवे असल्याने धोका टळत नाही, उलट जवळ येत जातो.

अमर्याद शक्तीचा खुनी लवकरच कंटाळवाणा होतो. म्हणून अशा कथांत त्याच्या शक्तीला एखादा नियम घातलेला असतो. तात्या विंचूच्या बाबतीत तो दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागण्याचा आहे. बाहुल्याच्या एवढ्याशा कपाळावर नेम धरायचा असल्याने शेवटच्या प्रसंगातील ताण टिकून राहतो. ‘झपाटलेला २’ हा उत्तरभाग २०१३ मध्ये त्रिमितीत प्रदर्शित झाला.