ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं? मुलांना दातांबद्दल न सांगितलेल्या गोष्टी

‘दात का किडतात?’ असं शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. ‘चॉकलेटमुळे’ हे उत्तर तयार असतं. पण ‘ब्रश करताना हिरड्यांतून रक्त का येतं?’ असं विचारून पाहा. बरीच मुलं गोंधळतात, आणि बरेच पालकही.

दात किडतो कसा?

तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरचा कडक थर, म्हणजेच इनॅमल, या आम्लामुळे झिजतो. लाळ हे आम्ल कमी करते आणि झीज काही प्रमाणात भरूनही काढते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. म्हणूनच गोड किती खाल्लं, यासोबत दिवसातून किती वेळा खाल्लं, हेही महत्त्वाचं. दोषी एकटं चॉकलेट नाही. दाताला चिकटणारी बिस्किटं आणि गोड पेयंही त्यात आली.

हिरड्यांतून रक्त का येतं?

दात आणि हिरडी जिथे मिळतात, तिथे जीवाणूंचा चिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. त्यामुळे हिरड्या लाल होतात, सुजतात आणि रक्त येतं. घाबरून मूल तिथे ब्रश लावणंच टाळतं आणि थर आणखी वाढतो. खरं तर तिथेच मऊ ब्रशने हलक्या हाताने स्वच्छता हवी. या टप्प्यावर हिरड्या पुन्हा बऱ्या होतात. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं, तर दाताला धरून ठेवणारं हाडही झिजू शकतं.

‘दुधाचा दात आहे, पडेल’

इथेच मोठी चूक होते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळतही नाही. ती किडून गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

मग काय करायचं?

▪ दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टने ब्रश, त्यातला एकदा रात्री झोपण्यापूर्वी.
▪ तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट.
▪ साधारण सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश करताना मोठ्यांचं लक्ष.
▪ नीट ब्रश करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याकडे जा.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून बघा. समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मोजत जा. सहावा दात दिसला, तर तो दुधाचा नाही. तो आयुष्यभर सांभाळायचा आहे.