धुराने घडविलेले सुवर्णतेज

कुंडलिकेकाठच्या जालना शहरातील मस्तगड निजाम-उल्-मुल्क आसफजाहाच्या अमलात, १७२५ साली, काबीलखानाने बांधला. परंतु इराणी कारागिरीशी या मराठवाड्याचा जडलेला संबंध त्याहून कितीतरी पुरातन असून, पश्चिमेस दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महालाच्या भिंतींवर उरलेले झिलईदार फरशांचे अवशेष त्याची साक्ष देतात. याच दौलताबादेत चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात इब्न बतूता येऊन गेला आणि पुढे १३५०च्या सुमारास स्पेनमधील मालागा येथे पोहोचल्यावर, तेथे तयार होऊन दूरदेशी रवाना होणाऱ्या सोनेरी मृत्पात्रांची त्याने मुक्तकंठाने प्रशंसा केली. दौलताबाद आणि मालागा ही दोन टोके एकाच प्रवासवृत्तांतात यावीत, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

या पात्रांत सोन्याचा कणही नसे. नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या इराकमध्ये उदयास आलेल्या या विद्येत, एकदा भाजून काचेसारखी झिलई चढविलेल्या रकाबीवर तांबे व चांदी यांचे क्षार, गेरू आणि शिरका यांच्या मिश्रणाने नक्षी रेखाटीत आणि ती रकाबी पुन्हा भट्टीत ठेवीत. मात्र या वेळी आच सुमारे सहाशे अंशांपर्यंतच नेऊन, हवा कोंडून, भट्टीत धूर भरू देत. त्या उष्णतेत झिलई वितळत नाही, किंचित मृदू मात्र होते, आणि तिच्यातील सोडियम व पोटॅशियमचे आयन बाहेर पडून त्यांची जागा तांब्याचे व चांदीचे आयन घेतात. मग धुरातील कार्बन मोनॉक्साईड प्राणवायू हिरावून घेतो आणि त्या आयनांचे शुद्ध धातूच्या सूक्ष्म कणांत रूपांतर होते. हे कण काही नॅनोमीटरांपासून काही दशक नॅनोमीटरांपर्यंतचे, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या हिशेबात मोजावयाचे. पृष्ठभागालगत त्यांचा जो अतिशय पातळ थर साचतो, त्याच्यावर प्रकाशाचे परावर्तन आणि तरंगांचे व्यतिकरण होऊन, पाहणाऱ्याने मान कलती केली की पिवळा रंग तांबूस अथवा हिरवट भासू लागतो.

सोन्याचांदीच्या पात्रांतून खाणेपिणे इस्लामी परंपरेने निषिद्ध मानल्यामुळे ही कला फोफावली, असे सर्रास सांगतात. ते कारण मला अपुरे वाटते, कारण पाहण्याच्या कोनाबरोबर पालटणारी ही छटा खऱ्या सोन्याच्या थाळीलाही साध्य नव्हती.

काशानच्या अबू ताहिर या कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ साली या हुन्नराची कृती लिहून ठेवली आहे. गारगोटीचे चूर्ण दहा भाग, काचेची भुकटी एक भाग आणि पांढरी माती एक भाग असा भांड्याच्या मातीचा मेळ तो देतो. नक्षी काढल्यावर तीन अहोरात्र मंद धुरात ठेवून, थंड झाल्यावर ओल्या मातीने घासावे, म्हणजे तेज प्रकट होते, असे तो सांगतो. आच थोडी अधिक झाली तर लेप झिलईत रुतून बसे, धूर कमी पडला तर चमकच येत नसे. सोळाव्या शतकात इटलीच्या पिकोलपास्सो याने याच विद्येविषयी लिहिताना, शंभर भांड्यांतून कित्येकदा जेमतेम सहा चांगली उतरतात, असे नमूद केले आहे. अमीर-उमरावांच्या दस्तरखानावरच्या एका रकाबीच्या किमतीत त्या वाया गेलेल्या भांड्यांचे सरपणही जमेस धरलेले असे.