कीर्ती परदेशात, वसूल मुलुखात

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये उंबरमाळी नावाचे एक लहानसे स्थानक लागते; शहापूर तालुक्याच्या या टोकाशी उभे राहून चित्रपटाच्या जागतिक यशापयशाची चर्चा करणे कोणास विक्षिप्तपणाचे वाटण्याचा संभव आहे. तथापि भारतीय चित्रपटाच्या कीर्तीचा परदेशाकडे जाणारा पहिला रस्ता याच बाजूने गेलेला आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे मांडल्यानंतर दादासाहेब फाळके यांनी आपला कारखाना नाशिकास हलविला, आणि नाशिकहून मुंबईच्या बाजारपेठेस येणारा लोहमार्ग तेव्हाही थळ घाट उतरून कसाऱ्यावरूनच येत होता. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथील 'बायोस्कोप' या व्यावसायिक साप्ताहिकाने त्यांच्या कामाची प्रशंसा केली आणि इंग्लंडातच राहून चित्रपट काढण्याविषयी त्यांना विचारणाही झाली. ती नाकारून ते स्वदेशी परतले, तो महायुद्धाने भांडवलाचे झरे आटले होते. लंडनच्या स्तुतीने कारखान्याचे देणे फिटले नाही. १९१७ साली आलेल्या 'लंकादहन'ला येथल्या प्रेक्षकांनी जी अलोट गर्दी केली, तिने फाळक्यांची पत पुन्हा उभी राहिली.

या हकीकतीतला क्रम पुढच्या शंभर वर्षांत वारंवार दिसून आला आहे. परदेशात गौरव होतो, वर्तमानपत्रांतून अभिप्राय छापून येतात, निर्मात्याची अब्रू वाढते, आणि तरीही घातलेल्या पैशाची फेड होणार की नाही याचा निवाडा मुलुखातल्या तिकीटखिडकीवरच होतो. समीक्षेला आणि परदेशी कीर्तीला वजन नाही असे मात्र कोणी समजू नये. ते वजन पडण्यास मुदत लागते, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे. ज्या चित्रपटाला चित्रगृहात मुदत मिळाली त्याला या दोहोंचा लाभ झाला, आणि ज्याला ती मिळाली नाही त्याची पदके कपाटात राहिली.

मुलुखाची वाटणी

चित्रपटाच्या धंद्याने देशाची जी वाटणी केलेली आहे ती पाहून इतिहाससंशोधकालाही कौतुक वाटावे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तरी वितरकांच्या दफ्तरात मुंबई, सी.पी.-बेरार आणि निजाम ही जुनी नावे तशीच चालू राहिली. म्हणजे ठाण्याचे हक्क एका टेरिटरीत, विदर्भाचे दुसरीत आणि मराठवाड्याचे तिसरीत विकले जात, आणि एकाच भाषेच्या एकाच चित्रपटाला तीन मृत राजवटींच्या सरहद्दी ओलांडून आपल्या प्रेक्षकापर्यंत जावे लागे. या यादीच्या शेवटी 'ओव्हरसीज' नावाचा एक रकाना असतो आणि त्यात लंडन, दुबई, न्यू जर्सी व सिडनी ही सारी ठिकाणे एकत्र कोंबलेली असतात.

जोवर चित्रपट रिळांवर होता तोवर त्याच्या प्रिंटा मोजक्याच काढल्या जात. प्रथम मोठ्या शहरांतील 'ए' सेंटर, मग जिल्ह्याचे 'बी', मग तालुक्याचे 'सी', आणि सर्वांच्या शेवटी ओरखडे उठलेली व जागोजागी सांधलेली प्रिंट जत्रेतल्या तंबूत, असा तो प्रवास महिनोन्‌महिने चाले. या दिरंगाईत गावच्या प्रेक्षकाची गैरसोय होती खरी, परंतु चित्रपटाच्या आधी त्याचे नाव पोहोचत असे. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत असलेला मुलगा सणाला गावी येऊन जे सांगे तीच त्या गावची समीक्षा, आणि तिच्यावर विश्वास ठेवून पैसे मोजण्यास पुरेसा अवकाश शिल्लक असे.

चालू शतकाच्या पहिल्या दशकात उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहात उतरू लागले, तेव्हा महानगर आणि तालुका यांचा शुक्रवार एकच झाला. ही समता स्वागतार्ह होती; पण तिच्याबरोबर निकालाची घाईही आली. शुक्रवार, शनिवार व रविवार या तीन दिवसांचे आकडे पाहून सोमवारी खेळ कमी करण्याचा प्रघात पडला. जेहोशुआ एलियाशबर्ग आणि स्टीव्हन शुगन या अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले होते की, समीक्षकांच्या अभिप्रायांचा मेळ आरंभीच्या आठवड्यांच्या उत्पन्नाशी बसत नाही. तो बसतो नंतरच्या आठवड्यांशी आणि एकूण उत्पन्नाशी. समीक्षक गर्दी खेचून आणतो असे म्हणण्यापेक्षा गर्दी टिकेल की नाही याचे भाकीत तो करतो, असा त्याचा अर्थ. हे जर खरे असेल, तर ज्या चित्रपटाचा चौथा आठवडा उगवतच नाही त्याच्यापुरते समीक्षकाचे भाकीत निरर्थक ठरते.

समीक्षकांचा दरारा

भारतीय चित्रपटाचे सर्वांत धाकदायक समीक्षक बाबूराव पटेल हे पालघरजवळच्या मासवण गावचे, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्याच हद्दीतले. १९३५ साली सुरू झालेल्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकातून त्यांनी नटनट्यांची आणि निर्मात्यांची जी हजेरी घेतली तिची दहशत पुढे दोन तपे टिकली. परंतु इंग्रजी मासिकाचा वर्गणीदार आणि जत्रेतल्या तंबूत पथारीवर बसणारा प्रेक्षक यांच्यामध्ये भाषेची व साक्षरतेची एवढी मोठी भिंत होती की, पटेलांनी झोडपलेले चित्रपट खेड्यात सुखाने चालत आणि त्यांनी वाखाणलेले खेड्यात कोणास ठाऊकही नसत. मराठीत हा दरारा आचार्य अत्रे यांच्या लेखणीला होता. त्यांचे वैशिष्ट्य असे की, दुसऱ्याचे माप काढणाऱ्या या गृहस्थाने स्वतःलाही त्याच मापाने मोजून घेतले, आणि १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवून दिले.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला दादा कोंडके उभे राहतात. शिष्ट समीक्षकांनी त्यांच्या द्व्यर्थी विनोदाला नाके मुरडली, तरी पंचवीस आठवडे चालण्याचा मान त्यांच्या एकामागून एक नऊ चित्रपटांना लाभला आणि त्या विक्रमाची नोंद 'गिनीज बुका'त झाली. तथापि १९७१ साली 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात खेळ मिळावेत म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले होते, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. लोकांची पसंती दुर्दम्य असते हे मान्य केले, तरी तिला प्रकट होण्यासाठी आधी पडदा मिळावा लागतो. तो कोंडक्यांना भांडून मिळाला, आणि मिळाल्यावर समीक्षकांचे काही चालले नाही.

व्हेनिसपासून बर्लिनपर्यंत

परदेशी सन्मानांची मराठीतील परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पण मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि व्हेनिसची वार्ता येथे आली तेव्हा विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम लोकांच्या मनात आधीच स्थिरावलेला होता. शांतारामबापूंच्या 'शकुंतले'चेही तसेच: १९४३ साली मुंबईत तिने दीर्घकाळ गर्दी केली, आणि १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये व्यापारी तत्त्वावर झळकणारा पहिला भारतीय चित्रपट होण्याचा मान तिला मिळाला. घरचा वसूल आधी आणि परदेशची कीर्ती मागाहून, हा क्रम त्या पिढीच्या पथ्यावर पडला.

पुढे हा क्रम उलटला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी संदीप सावंत यांच्या 'श्वास'ने राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीत परत आणले. तो ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून निवडला गेला, तेव्हा अमेरिकेत त्याचा प्रचार करण्याचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा असल्यामुळे सर्वसामान्य लोकांनी वर्गणी गोळा केली. नामांकन मिळाले नाही, परंतु मराठी चित्रपट पाहावयास जाण्याची लाज सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनातून गेली, हे त्या वर्गणीचे खरे फळ होय. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पारितोषिके पटकावली, देशात सुवर्णकमळ मिळविले, समीक्षकांनी एकमुखाने वाखाणले. तरी २०१६ साली आलेल्या 'सैराट'शी तुलना करता त्याचा गल्ला अत्यल्प होता.

'सैराट'लाही परदेशी शिक्का होताच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला होता. २९ एप्रिलला तो येथे प्रदर्शित झाला तेव्हा बर्लिनची आठवण कोणी काढली नाही. अजय-अतुल यांची गाणी आधीच गावोगाव पोहोचली होती, शाळांना सुट्या होत्या, आणि मागणी एवढी वाढली की काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरही खेळ लावावे लागले. शंभर कोटींचा पल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी आला आणि त्याने दुसऱ्या आठवड्यात पहिल्या आठवड्याहून अधिक कमाई केली. बायकांचे घोळके एकमेकींना सांगून चित्रगृहे भरीत राहिले, ही तोंडी समीक्षा छापील समीक्षेहून प्रभावी ठरली, कारण तिचे ऐकण्यास चित्रगृहवाल्यांना वेळीच सुबुद्धी झाली.

परदेशातील मराठी प्रेक्षक हा निष्ठावंत, पण विरळ आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचे. अशा मंडळांनी सभागृह भाड्याने घेऊन सुटीच्या दिवशी एखादा खेळ लावावा, ही तेथली चाल. यातून निर्मात्यास डॉलर मिळतात, प्रतिष्ठा मिळते, पण २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे भारतात जे ८ कोटी ३० लाख मराठी भाषक आहेत त्यांच्यापुढे हा हिशेब चिल्लर ठरतो. परदेशी प्रेक्षकाने खरोखर भाग्य पालटल्याची उदाहरणे निराळ्या प्रमाणावरची आहेत. 'वॉरक्राफ्ट' हा हॉलिवूडचा चित्रपट २०१६ साली समीक्षकांनी मोडीत काढला, अमेरिकेत त्याला पाच कोटी डॉलरही मिळाले नाहीत, आणि चीनने मात्र वीस कोटींहून अधिक दिले. दुसऱ्याच वर्षी 'दंगल'ने त्याच चीनमध्ये भारतातल्याहून दुपटीने अधिक मिळकत केली. तेथे परकी चित्रपटाला सामान्यतः एक महिन्याची मुदत असते. प्रेक्षकांचे अभिप्राय पाहून 'दंगल'ची मुदत वाढविण्यात आली. अभिप्राय आणि मुदत यांची गाठ पडली की काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

शहापूर-मुरबाडचे पंचांग

आता पुन्हा उंबरमाळीकडे वळू. तानसा, वैतरणा व भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईस जाते, आणि मुंबईचा चित्रपट मात्र या तालुक्याच्या शेतकऱ्यास पाहावयाचा झाल्यास त्याने कल्याणची लोकल धरावी, अशी स्थिती आहे. तिकिटावर आणि प्रवासावर एका कुटुंबाचा जो खर्च होतो तो मजुरीच्या पैशात सहज बसत नाही. म्हणून हा प्रेक्षक पहिल्या दिवसाचा पहिला खेळ कधीच पाहणार नाही, दहा जणांचे ऐकून, सवड पाहून, मगच निघेल.

ही सवड भाताच्या पंचांगाने ठरते. उन्हाळ्यात राब भाजणे, मृगात पेरणी, आषाढात आवणी आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. यामुळे दिवाळीचा मुहूर्त साधून मोठे चित्रपट लावण्याची जी शहरी प्रथा आहे ती या भागाला नेमकी गैरसोयीची. कापणी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात; मागे राहिलेल्यांचा करमणुकीचा हंगाम पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाच्या यात्रेने उघडतो आणि वैशाखातल्या लग्नसराईपर्यंत चालतो. 'सैराट' एप्रिलअखेर आला, हे या दृष्टीने मोठे शहाणपण होते. 'बाईपण भारी देवा' मात्र ऐन आवणीच्या तोंडावर आला. शहरातील स्त्रिया नटूनथटून चित्रगृहात जात होत्या तेव्हा येथल्या स्त्रिया चिखलात उभ्या होत्या.

पूर्वी अशा प्रेक्षकाची सोय तंबूतला सिनेमा करीत असे. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रगृहांवर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी काढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरविला गेला. कानमध्ये टाळ्या पडल्या, पण येथले तंबू त्या टाळ्यांनी तगले नाहीत.

शासनाने या बाबतीत अगदीच हात आखडता घेतला असे म्हणता येत नाही. १९२३ च्या कायद्याने बसविलेल्या करमणूक करात मराठी चित्रपटाला सवलती मिळाल्या, दर्जा ठरवून अनुदान देण्याची योजना आली, आणि २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठीला मोक्याच्या वेळचे खेळ देण्याविषयी फर्मानही निघाले. परंतु अनुदान समितीच्या अभिप्रायावर मिळते आणि मोक्याची वेळ शहराच्या घड्याळाने मोजली जाते. तेव्हा मंत्रालयात, निर्मात्यांच्या महामंडळात आणि चित्रगृहमालकांच्या संघटनेत ज्यांच्या शब्दाला किंमत आहे त्यांस अशी विनंती आहे की, अनुदानास पात्र ठरलेल्या प्रत्येक मराठी चित्रपटाला किमान तीन आठवडे रोज एक खेळ हमखास मिळावा, आणि त्यातला काही वाटा तालुक्याच्या गावी, शाळेच्या सभागृहात का होईना, राखून ठेवावा. समीक्षकाने लिहावे, व्हेनिसने पदक द्यावे, न्यू जर्सीने टाळ्या वाजवाव्या. शहापूर-मुरबाडच्या माणसाचे मत पडेपर्यंत चित्रपट पडद्यावर असला पाहिजे, एवढी तजवीज झाली तरी पुरे आहे.